जासुदांचा नाईक

डहाणूहून सुरतेस आज आगगाडीने काही तासांत जाता येते. 1664 साली मात्र हा सरळ मार्ग मराठ्यांस मोकळा नव्हता. डहाणू, तारापूर, दमण ही सारी किनारपट्टी पोर्तुगिजांच्या अमलाखाली होती. तिच्यावरून हजारो स्वार चालू लागते, तर त्यांच्या आधी त्यांची वार्ता सुरतेस पोचती. म्हणून शिवाजीमहाराजांची फौज पूर्वेकडील डोंगराळ मुलखातून, जव्हार व रामनगर या कोळी राज्यांच्या वाटेने, गुजराथेत उतरली असे मानतात. जव्हारच्या विक्रमशहाने शिरपामाळावर महाराजांचा सत्कार केला, ही आख्यायिका त्या बाजूस अद्याप सांगितली जाते.

या स्वारीच्या मुळाशी ज्याने आणलेली बातमी होती, तो पुरुष म्हणजे बहिर्जी नाईक. त्याच्याविषयी आमच्या वाचकांनी पुष्कळ ऐकले असेल. तो फकीर होई, वासुदेव होई, पक्ष्यांच्या आवाजात बोले, शत्रूच्या दरबारात बिनधोक वावरे. या कथा रम्य आहेत, परंतु त्यांस समकालीन आधार नाही. राजारामाच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस जी बखर लिहिली, तीत बहिर्जीच्या वाट्यास थोड्याच ओळी आल्या आहेत. सभासद त्यास जाधव म्हणतो, त्याच्या शहाणपणाची वाखाणणी करतो आणि महाराजांनी त्यास जासुदांचा नाईक केले असे नमूद करतो. लोककथेतील बहिर्जी रामोशी आहे. हे दोन्ही उल्लेख एकमेकांशी जुळवण्याचा खटाटोप आम्ही करीत नाही.

परंतु त्या थोड्या ओळींतही एक प्रसंग असा आहे की, त्यापुढे सोंगांच्या सर्व गोष्टी फिक्या पडतात. बहिर्जीने सुरतेहून येऊन सांगितले की, शहर मारल्यास अगणित द्रव्य हाती लागेल. त्यावर, नोकरांकडून हे काम मनाजोगे होणार नाही, असे म्हणून महाराज स्वतः निघाले! हेराच्या शब्दावर राजाने आपला जीव शत्रूच्या मुलखात इतक्या दूर न्यावा, याहून मोठी सनद कोणत्या अधिकाऱ्यास मिळाली असेल? बातमीही खरी ठरली. सुरतेस भक्कम तट नव्हता. विटांचा कोट औरंगजेबाने मागाहून बांधविला. जुन्या इंग्रजी गणनेप्रमाणे 6 जानेवारीस मराठे शहरापुढे येताच सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, आणि वीरजी व्होऱ्यासारख्या धनाढ्यांची घरे उघडी पडली. इंग्रज व डच यांनी मात्र आपापल्या वखारी राखल्या.

बखरीतील दुसरा प्रसंग पुढे पंधरा वर्षांनी, 1679 चा. जालना लुटून परतताना महाराजांस मोगलांनी गाठले. लुटीचे ओझे पाठीशी, सिधोजी निंबाळकर रणात पडलेला. अशा वेळी बहिर्जीने आडवाटेने, तीन दिवस व तीन रात्री चालवून, सर्वांस पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले. सुरतेच्या वेळी त्याने शत्रूचे घर पाहून ठेवले होते; येथे स्वतःच्या धन्यास घरी आणण्याची वाट त्यास ठाऊक असावी लागली. आमच्या मते ही दुसरी कामगिरी अधिक अवघड. वखारीतले द्रव्य बाजारात कान देऊन बसणाऱ्यासही कळते. डोंगरातील पाणी, चढ व खिंड ही मात्र पायांनीच शिकावी लागतात.

त्याचे पत्र उपलब्ध नाही, की हिशेबाचा कागद नाही. सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर एक समाधी आहे. ती त्याची म्हणून लोक दाखवितात.