कललेले चाक

छायाचित्रकलेच्या बहुतेक इतिहासांत शर्यतीच्या मोटारीचे एक छायाचित्र हटकून असते. उजव्या बाजूला एक मोटार चौकटीबाहेर निघून चालली आहे. तिचा पुढचा भाग कापलाच गेला आहे. गाडीच्या अंगावर ६ हा आकडा, वर दोन माणसे, एक चालवणारा आणि दुसरा त्याच्याबरोबर बसणारा यांत्रिक. मागचे चाक गोल नाही. ते अंड्यासारखे लांबट झाले असून पुढे, म्हणजे धावण्याच्या दिशेने, कलले आहे. डावीकडे रस्त्याच्या कडेला प्रेक्षक उभे आहेत, आणि ते सगळे नेमके उलट्या बाजूला झुकले आहेत. जणू गाडीने रस्त्यावरची हवा ओढून नेली आणि माणसे मागे कोलमडली.

हे छायाचित्र जाक-आंरी लार्तीग ह्या फ्रेंच हौशी छायाचित्रकाराचे. वेगाचे याहून बोलके चित्र नाही, असे आम्हीही अनेक वर्षे वर्गात सांगत आलो. सांगताना एक गोष्टही जोडत असू: श्रीमंत घरातला एक मुलगा, हातात वडिलांनी दिलेला कॅमेरा, कलेचा कसलाही संस्कार नाही, आणि निव्वळ निरागस दृष्टीच्या बळावर त्याने आधुनिकतेचे प्रतीक टिपले. गोष्ट गोड आहे आणि विद्यार्थ्यांना आवडते. ती जवळजवळ प्रत्येक तपशिलात लंगडी आहे हे आम्हांला उशिरा कळले, आणि ह्या लेखाचे निमित्त तेच आहे.

प्रथम ज्या समाजातून हे चित्र आले तो समाज पाहू. फ्रान्सचा मोटार क्लब १८९५ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला. सुरुवातीच्या शर्यती शहरातून शहरात होत. १९०३च्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत मार्सेल रेनो ह्यांच्यासह अनेकांचा बळी गेला आणि ती बोर्दो येथेच थांबवावी लागली. पुढे शर्यती बंद केलेल्या रस्त्यांच्या वळशावर होऊ लागल्या. १९०६ साली ल मां येथे पहिली ग्रां प्री झाली तेव्हा एक फेरी १०३ किलोमीटरांची होती आणि अशा १२ फेऱ्या दोन दिवसांत पुऱ्या करायच्या होत्या. प्रेक्षक बहुतेक ठिकाणी रस्त्याला खेटून, धुळीत उभे राहत. मोटार बाळगणे ज्यांना परवडे त्यांनाच चांगला कॅमेराही परवडे, आणि दोन्ही वेडे पुष्कळदा एकाच घरात नांदत. मोटारीचा हौशी माणूस कार्ब्युरेटरविषयी ज्या तपशिलाने बोले त्याच तपशिलाने तो शटरविषयी बोलत असे. दोन्ही यंत्रांत त्याला एकच गोष्ट मोहवीत होती: सेकंदाचे तुकडे करता येतात.

ह्या मंडळींना आपसांत वाटून घेण्यासारखे ज्ञान भरपूर होते. आल्बेर लोंद ह्यांचे क्षणिक छायाचित्रणावरचे पुस्तक १८८६ सालीच निघाले होते. १८९८पासून ‘ला व्ही ओ ग्रां एर’ हे क्रीडाविषयक सचित्र नियतकालिक निघू लागले, आणि धावती मोटार, उडी मारणारा घोडा, सायकलस्वार ह्यांची छायाचित्रे घरोघरी पोचली. हौशी माणसापुढे उत्तम नमुने होते; प्रश्न एवढाच होता की हे आपल्याला कसे जमावे.

अडचण साध्या गणिताची आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. सेकंदाच्या शंभराव्या भागात ती २८ सेंटीमीटर सरकते, म्हणजे चित्रात निव्वळ एक ओरखडा. हजाराव्या भागात जेमतेम तीन सेंटीमीटर. म्हणून सल्ले ठरलेले. गाडी अगदी आडवी जात असताना टिपू नका. ती तिरपी येत असेल अशा जागी, शक्यतो वळणावर उभे राहा, कारण तिथे ती मंदही होते. नजरेने अंतर मोजण्याच्या फंदात पडू नका. रस्त्यावरचा एखादा दगड किंवा खूण धरून आधीच फोकस लावून ठेवा, आणि गाडी तिथे पोचण्याच्या किंचित आधी बोट दाबा. काचेची प्लेट एकदा वापरली की संपली. दुसरी चढवेपर्यंत गाडी पुढच्या गावात. आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला शटरचा: भिंगाजवळ उघडझाप करणारे शटर पुरणार नाही, प्लेटच्या लगत सरकणाऱ्या पडद्याचे घ्या.

ह्या पडद्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण सगळे रहस्य तिथे आहे. ओटोमार आन्शुट्झ ह्या जर्मन छायाचित्रकाराने १८८८ साली अशा शटरचे पेटंट घेतले. फ्रान्समध्ये शतकाच्या वळणावर गिदो सिग्रिस्त ह्यांचा कॅमेरा आला. त्याचे शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी वेळ प्रकाश आत सोडू शके. युक्ती अशी की प्लेटसमोर एक अपारदर्शक पडदा असतो, त्यात एक अरुंद फट, आणि ती फट प्लेटवरून झपाट्याने सरकते. प्लेटच्या प्रत्येक पट्ट्याला फार थोडा वेळ प्रकाश मिळतो, म्हणून चित्र रेखीव येते. परंतु सगळ्या पट्ट्यांना तो एकाच वेळी मिळत नाही. समजा फटीला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सेकंदाचा विसावा भाग लागला, तर तेवढ्यात आपली गाडी १ मीटर ४० सेंटीमीटर पुढे गेलेली असेल. एका छायाचित्रात एक क्षण असतो असे आपण समजतो. ह्या कॅमेऱ्याच्या छायाचित्रात क्षणांची उतरंड असते, एकावर एक रचलेली.

आता चित्राकडे परत वळू. कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी पडते. पडदा वरून खाली उतरत असेल तर दृश्याचा तळ आधी नोंदला जातो आणि माथा नंतर. चाकाचा जमिनीला टेकलेला भाग आधी उमटला. वरचा भाग उमटेपर्यंत गाडी पुढे सरकली होती. म्हणून चाक पुढे कलले. मग उभी माणसे का कलावीत? ती तर जागची हलली नव्हती. उत्तर एकच: कॅमेरा हलत होता. लार्तीग गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होते, ज्याला छायाचित्रकार पॅनिंग म्हणतात. त्यामुळे चौकटीच्या हिशेबाने माणसे मागे सरकत गेली, आणि त्यांचे पाय आधी, डोकी नंतर नोंदली गेली.

ह्यातून एक गोष्ट निघते ती आम्हांला फार मोलाची वाटते. कॅमेरा स्थिर असता तर माणसे ताठ उभी राहिली असती. तो गाडीच्या नेमक्या वेगाने फिरला असता तर चाक गोल आले असते. दोन्ही कललेली आहेत, तीही विरुद्ध दिशांना. म्हणजे हात फिरत होता, पण गाडीपेक्षा मंद. गाडी त्या हाताला मागे टाकून चालली होती. तिचे नाक चौकटीबाहेर गेले ते म्हणूनच. कोणत्याही दैनंदिनीशिवाय, केवळ चित्र नीट वाचून, शतकापूर्वीच्या एका मनगटाची हालचाल आपल्याला कळते. संहितेचे बारकाईने वाचन म्हणतात ते ह्याहून काय निराळे असते?

हा कल तेव्हाच्या जाणकारांना अपरिचित नव्हता. पडद्याच्या शटरचा तो ठाऊक असलेला दोष होता, आणि तो एव्हाना दोष राहिलाही नव्हता. एर्नेस्त माँतो हा चित्रकार शर्यतींची रंगीत शिळाप्रेस चित्रे काढत असे. त्याच्या मोटारी आणि विमाने ताणलेली, पुढे झेपावणारी, मागे वेगाच्या रेषा सोडणारी आहेत. माँतो १९०९ साली वारला. लार्तीग ह्यांचे छायाचित्र त्यानंतरचे. म्हणजे वेगवान वस्तू वाकडी काढावी हा संकेत आधीच रूढ होता. मोटारवेड्यांच्या घरांतल्या भिंतींवर तो टांगलेला होता. पुढे व्यंगचित्रे आणि चित्रकथांतून तो सर्वत्र गेला. आज एखादे मूल धावती मोटार काढताना मागे चार रेघा ओढते तेव्हा तेही नकळत त्याच जुन्या भिंतीकडे पाहत असते.

गंमत अशी की कोणत्याही माणसाने असे कललेले चाक डोळ्यांनी कधीच पाहिलेले नाही. आपण जिला वेगाची प्रतिमा म्हणतो ती एका पडद्याच्या खाली उतरण्याची प्रतिमा आहे. (मोबाइलचा कॅमेराही बहुधा ओळीमागून ओळ वाचतो. लोकलच्या खिडकीतून फोटो काढला की विजेचे खांब तिरके येतात ते त्यामुळे.)

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे एक समांतर नोंद करावी. १९०७ साली मार्सेल प्रूस्त कबूर येथून भाड्याच्या मोटारीने नॉर्मंडीत हिंडत होते. चालक होता आल्फ्रेद आगोस्तिनेल्ली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी ‘ल फिगारो’त मोटारप्रवासावर लेख लिहिला. त्यात मैदानातून दिसणारे कां शहराचे मनोरे जागा बदलतात, जवळ येतात, वळतात, नाहीसे होतात. हलते ती मोटार, पण वर्णन हलणाऱ्या मनोऱ्यांचे. हाच अनुभव त्यांनी आपल्या महाकादंबरीच्या पहिल्या खंडात घेतला, मात्र तिथे मोटारीच्या जागी डॉक्टरांची घोडागाडी आली आणि मनोरे मार्तँव्हिलचे झाले. तो खंड १९१३च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. त्याच १९०७ साली ऑक्ताव्ह मिर्बो ह्यांनी आपल्या पुस्तकाला चक्क स्वतःच्या मोटारीचा नोंदणी क्रमांक नाव म्हणून दिला. १९०९च्या फेब्रुवारीत मारिनेत्ती ह्यांचा जाहीरनामा ‘ल फिगारो’तच आला, आणि त्याने शर्यतीच्या मोटारीला प्राचीन शिल्पाच्या वर बसवले. तिघांत प्रूस्त आम्हांला ह्या छायाचित्राच्या सर्वांत जवळचे वाटतात. मारिनेत्तींनी वेगाचा जयघोष केला. प्रूस्तांनी वेगामुळे कडेला उभ्या असलेल्यांचे काय होते ते पाहिले. छायाचित्रातही आमची नजर अखेर त्या कललेल्या प्रेक्षकांवरच जाते.

आता त्या गोड गोष्टीकडे. लार्तीग १८९४च्या जूनमध्ये जन्मले. वडील आंरी स्वतः हौशी छायाचित्रकार. त्यांनी मुलाला सात-आठ वर्षांचा असताना कॅमेरा दिला, प्लेटा धुवायला शिकवले, नवनवी यंत्रे आणून दिली. थोरला भाऊ, घरचे नाव झिसू, चाकांच्या गाड्या आणि उडण्याची यंत्रे बनवी, आणि धाकटा ती टिपे. रोजच्या नोंदवहीत हवामान लिहायचे आणि काढलेल्या छायाचित्रांची लहान रेखाटने करायची अशी त्याला सवय होती. ह्याला निरागसता म्हणणे कठीण आहे. हा कसून शिकलेला, उत्तम साहित्य हाती असलेला, आपल्या छंदाचे सर्व सल्ले पचवलेला हौशी माणूस होता.

निरागस बालकाची प्रतिमा घडली ती १९६३ साली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जॉन शारकोव्स्की ह्यांनी त्यांचे प्रदर्शन भरवले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘लाइफ’च्या केनेडी-हत्येच्या अंकात ही छायाचित्रे छापली गेली. तोवर स्वतःला चित्रकार मानणारे लार्तीग वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी जगद्विख्यात छायाचित्रकार झाले. शारकोव्स्कींना असा पूर्वज हवा होता, ज्याने परंपरेविना आधुनिक दृष्टी कमावली. आणि लार्तीग ह्यांनी ती भूमिका आनंदाने वठवली. २००४ साली केव्हिन मूर ह्यांच्या पुस्तकाने ही प्रतिमा तपासली आणि लार्तीग ह्यांच्या चित्रांमागे त्या काळची सचित्र नियतकालिके व हौशी छायाचित्रणाची सारी संस्कृती उभी आहे हे दाखवले. लार्तीग लहान ठरतात असे आम्हांला त्यामुळे वाटत नाही. दहा सल्ले सगळ्यांनाच ठाऊक होते. गाडी निसटत असताना बोट दाबले ते एकाने. पण त्या सल्ल्यांची नावनिशाणी पुसून केवळ प्रतिभेचा जयजयकार करणे ही इतिहासाची सोय आहे, इतिहास नव्हे. आमच्या संतवाङ्मयाच्या अभ्यासातही अशी सोय पुष्कळदा झालेली दिसते. असो, तो विषय निराळा.

राहिला चित्राखालचा मजकूर. कित्येक दशके तो असा छापला गेला: दिएप येथील ग्रां प्री, २६ जून १९१२, गाडी दलाज. कलेच्या अभ्यासकांनी तो एकमेकांच्या पुस्तकांतून उचलला, आम्हीही उचलला. लार्तीग ह्यांनी उत्तरायुष्यात आपल्या वह्या सोडवून पुन्हा मांडल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याच हातच्या तारखांवर विसंबणे धोक्याचे होते हे कुणाच्या ध्यानी आले नाही. उलगडा झाला तो गाडीवरच्या ६ ह्या आकड्यावरून. तो क्रमांक १९१३ साली आमियां येथे १२ जुलैला झालेल्या ग्रां प्रीत तेओदोर श्नायडर कंपनीच्या गाडीचा होता, चालक क्रोके. सौंदर्यशास्त्राने जे पन्नास वर्षांत पाहिले नाही ते शर्यतीची यादी आणि गाडीची बांधणी ओळखणाऱ्या नजरेने पाहिले. चित्र टिपले गेले तेव्हा तो ‘निरागस बालक’ नुकताच १९ वर्षांचा झाला होता.

शर्यत झॉर्झ ब्वायो ह्यांनी प्यूजो गाडीतून जिंकली, आदल्या वर्षीप्रमाणेच. आमच्या कपाटातल्या पुस्तकात मात्र अजून १९१२ आहे. आम्ही तिथे पेन्सिलीने खूण केली आहे.