‘सिलेक्ट’ आधी का?

गेल्या वर्षी ईस्ट कोस्टच्या आमच्या घरी एका रात्री लेक लॅपटॉपसमोर रडकुंडीला आली होती. असाइनमेंट सकाळी द्यायची होती. क्वेरीत तिने महिन्याच्या पगाराला बाराने गुणून त्या रकान्याला ‘वार्षिक’ असं नाव दिलं होतं, आणि खाली ‘वेअर’मध्ये तेच नाव वापरलं होतं. डेटाबेस म्हणे, असा रकानाच नाही!

“बाबा, वरच्याच ओळीत लिहिलंय की!”

आता यात तिचा काय दोष? मूळ गोम १९७४ सालची आहे. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांत मांडण्याची कल्पना दिली, पण त्यांची मांडणी पडली गणिती. मग त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी गणित न येणाऱ्यांसाठी इंग्रजी वळणाची ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. (बॉइस बिचारे त्याच वर्षी गेले.) हे नाव एका ब्रिटिश विमान कंपनीचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून पुढे ती एसक्यूएल झाली. इंग्रजीत आज्ञा क्रियापदाने सुरू होते, म्हणून ‘सिलेक्ट’ सर्वांत वर. अर्थ मात्र आधी ‘फ्रॉम’चा लागतो, मग ‘वेअर’चा, आणि ‘सिलेक्ट’चा त्यानंतर. ‘वेअर’ तपासताना ‘वार्षिक’चा अजून जन्मच झालेला नसतो!

मी म्हटलं, “हेच मराठीत सांग बघू.” शाळेत हिंदी घेतलेली, मराठी घरापुरती. अडखळत म्हणाली, “कर्मचाऱ्यांच्या यादीतून, ज्यांचा वार्षिक पगार जास्त आहे, त्यांची नावं दे.”

फ्रॉम, वेअर, सिलेक्ट. अगदी त्याच क्रमाने! मलाही वीस वर्षांत हे सुचलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या ‘लिंक’मध्ये २००७ पासून ‘फ्रॉम’ आधी लिहितात, आणि गूगलनेही २०२४ मध्ये तशी सोय आणली.

मग गुणाकाराची क्वेरी कंसात घालून ‘फ्रॉम’पुढे ठेवली, ‘वेअर’ कंसाबाहेर काढलं. तरी पुन्हा एरर: कंसातल्या क्वेरीला नाव हवं. हा मायएसक्यूएलचा हट्ट. ओरॅकलला नावाशिवाय चालतं, पोस्टग्रेसलाही २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीपासून चालतं. अमेरिकेत प्रमाण एसक्यूएल ठरलं १९८६ साली; ओरॅकल १९७९ पासूनच बाजारात होतं. तोवर ज्याच्या त्याच्या सवयी पक्क्या झाल्या होत्या.

कंसापुढे लेकीने नुसतं ‘टी’ लिहिलं. पावणेबाराला सतरा ओळींचं उत्तर आलं.