पूल-तपासणी अभियंता : एका व्यवसायाच्या घडणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पूल बांधणाऱ्या अभियंत्याचे नाव कोनशिलेवर कोरले जाते. परंतु तो पूल उभा राहावा म्हणून त्याची वेळोवेळी तपासणी करणारा अभियंता इतिहासात बहुधा अनामच राहतो. पूल-तपासणी हे स्वतंत्र, नियमबद्ध आणि प्रशिक्षित काम म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आले. त्याच्या नियमांचा इतिहास पाहता, बहुतेक महत्त्वाचे नियम एखाद्या दुर्घटनेनंतर तयार झाल्याचे दिसून येते. प्रस्तुत लेखात या घडणीचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

सिल्व्हर ब्रिज आणि तपासणीचे नियम :
अमेरिकेतील ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज १९२८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. टोकांना छिद्रे असलेल्या पोलादी पट्ट्या खिळींनी जोडून केलेल्या साखळ्यांवर तो तोललेला होता. साखळीच्या प्रत्येक दुव्यात अशा केवळ दोनच पट्ट्या होत्या. १५ डिसेंबर १९६७ रोजी सायंकाळी गर्दीच्या वेळी एक पट्टी तुटली आणि संपूर्ण पूल कोसळला. त्यात ४६ जणांचा मृत्यू झाला. पट्टीच्या छिद्राजवळील सुमारे अडीच मिलिमीटर खोलीची भेग या अनर्थास कारणीभूत ठरली. सांधा सुटा केल्याशिवाय ती भेग दिसणे शक्य नव्हते.

या घटनेनंतर १९६८ च्या कायद्याने राष्ट्रीय तपासणी-मानके ठरविण्याचा आदेश दिला व १९७१ मध्ये ती अमलात आली. तपासणीचे कमाल अंतर दोन वर्षे ठरले, तसेच तपासनिसाची पात्रता आणि अहवालाचे स्वरूपही निश्चित झाले. पुढे १९८३ मध्ये कनेक्टिकटमधील मियानस नदीवरील पुलाचा एक गाळा कोसळला, तेव्हा एकच घटक तुटल्याने कोसळू शकणाऱ्या पुलांकडे विशेष लक्ष वेधले गेले. १९८७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील स्कोहारी क्रीकवरील पुलाच्या पायाखालील माती पुराने खरवडून नेली व तो पडला. त्यानंतर पाण्याखालील तपासणीस मानकांत स्थान मिळाले.

भारतीय अनुभव :
गोव्यात पणजी येथील मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्याच्या उभारणीस तेव्हा दोन दशकेही झाली नव्हती. काँक्रीटच्या आत दडलेल्या ताणलेल्या तारा गंजल्या, तरी पृष्ठभागावरून ते सहज कळत नाही, हा धडा या घटनेने दिला. १९९० मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसने पुलांची तपासणी व देखभाल यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

तथापि नियम असणे आणि धोका ओळखता येणे यांत अंतर उरतेच. महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ मधील दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या व अन्य वाहने वाहून गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी होऊन हा पूल वाहतुकीस सुरक्षित ठरला होता, असे त्या वेळी सांगण्यात आले. मे महिन्यात कोकणातील नद्यांचे पाणी ओसरलेले असते. पायावर येणारा पुराचा खरा ताण मात्र श्रावणात दिसतो. म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीइतकीच पुराच्या काळातील देखरेख व पूर ओसरल्यानंतरची पायाची तपासणी आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
उपरोक्त घटनांत भेग, गंज आणि खरवडलेला पाया हे तिन्ही दोष नजरेआड होते. त्यामुळे तपासनिसाचे कौशल्य केवळ दिसणाऱ्या दोषांची नोंद करण्यात नाही; न दिसणाऱ्या भागाविषयी शंका उपस्थित करून ती लेखी नोंदविण्यात आहे. अशा शंकेवरून पूल वेळीच बंद करण्याचा अधिकार त्या नोंदीला लाभला, तरच नियमांना पुढील दुर्घटनेची वाट पाहावी लागणार नाही.