राजकीय इस्लामवाद : एका विचारसरणीचा उगम

‘इस्लाम’ आणि ‘इस्लामवाद’ हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः इस्लाम हा चौदा शतकांची परंपरा असलेला धर्म आहे. राज्य, कायदा आणि समाजव्यवस्था यांचा संपूर्ण आराखडा धर्मातूनच घेतला पाहिजे, असा आग्रह धरणारा इस्लामवाद मात्र विसाव्या शतकात आकारास आलेली राजकीय विचारसरणी आहे. तिच्या उगमाचा आपण येथे थोडक्यात मागोवा घेऊ.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात अनेक मुस्लिम प्रदेश युरोपीय सत्तांच्या अमलाखाली गेले. जमालुद्दीन अफगाणी (मृत्यू १८९७) आणि इजिप्तचे मुहम्मद अब्दुह (मृत्यू १९०५) यांनी या ऱ्हासाची कारणे शोधताना धर्माच्या मूळ स्रोतांकडे परतण्याचा आणि आधुनिक ज्ञान आत्मसात करण्याचा मार्ग सुचविला. पुढे ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली. मुस्लिम जगताच्या ऐक्याचे प्रतीकच नाहीसे झाले आणि आता धर्म व सत्ता यांचे नाते काय, हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला.

तीन शिल्पकार

इजिप्तमधील शाळाशिक्षक हसन अल-बन्ना यांनी १९२८ मध्ये सुएझ कालव्याकाठच्या इस्माइलिया शहरात ‘मुस्लिम ब्रदरहुड’ ही संघटना स्थापन केली. शिक्षण व समाजसेवेतून माणूस घडवावा, त्यातून समाज आणि शेवटी राज्य, असा त्यांचा क्रम होता. १९४९ मध्ये कैरो येथे त्यांची हत्या झाली.

दुसरे नाव आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे. अबुल आला मौदूदी यांचा जन्म १९०३ मध्ये तत्कालीन निजाम राज्यातील औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे झाला. पत्रकार असलेल्या मौदूदींनी १९४१ मध्ये लाहोर येथे ‘जमात-ए-इस्लामी’ची स्थापना केली. सार्वभौमत्व केवळ ईश्वराचे, ते लोकांचे किंवा संसदेचे नव्हे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. त्यांच्या कल्पनेतील राज्यात गैरमुस्लिमांना संरक्षण होते. परंतु राज्याची धोरणे ठरविणारी सर्वोच्च पदे त्यांच्यासाठी नव्हती.

तिसरे सय्यद कुतुब हे मूळचे साहित्यसमीक्षक. मौदूदींच्या लेखनाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. नासर यांच्या राजवटीत तुरुंगवास भोगत असताना त्यांचे विचार अधिक जहाल झाले. इस्लामपूर्व अज्ञानकाळासाठी वापरला जाणारा ‘जाहिलिया’ हा शब्द त्यांनी तत्कालीन मुस्लिम समाजांनाही लावला. १९६४ मध्ये त्यांचे ‘मआलिम फित्तरीक’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९६६ मध्ये त्यांना फाशी देण्यात आली. पुढील काळातील सशस्त्र गटांनी त्यांच्या लेखनाचा आधार घेतला.

अंतर्गत विरोध

या विचाराला पहिला विरोध मुस्लिम विद्वानांकडूनच झाला, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. देवबंदचे मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी १९३८ मध्ये संमिश्र राष्ट्रवादाचा पुरस्कार केला. पैगंबरांनी मदिनेत ज्यू व इतर जमातींशी केलेल्या कराराचा दाखला देऊन, भिन्नधर्मीय लोक मिळून एक राष्ट्र होऊ शकतात, असे त्यांनी मांडले. मौदूदींना ते मान्य नव्हते. इजिप्तमध्येही ब्रदरहुडचे दुसरे प्रमुख हसन अल-हुदैबी यांच्या नावाने १९७७ मध्ये निघालेल्या ग्रंथाच्या शीर्षकाचा आशय ‘आम्ही प्रचारक आहोत, न्यायाधीश नव्हे’ असा आहे. कोण खरा मुसलमान आणि कोण नाही, याचा निवाडा करण्याचा अधिकार त्यात नाकारला आहे.

समारोप

सार्वभौमत्व ईश्वराचे आहे असे म्हटले, तरी त्याच्या आज्ञेचा अर्थ शेवटी माणसेच लावतात. तो अधिकार कोणाचा, हा या विचारसरणीपुढील न सुटलेला प्रश्न आहे. अल्पसंख्याकांचे नागरिकत्व त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणूनच या विचारसरणीची चिकित्सा अवश्य व्हावी. मात्र तिचा भार आपल्या शेजारी राहणाऱ्या प्रत्येक मुस्लिम बांधवावर टाकणे सत्याला धरून होणार नाही. मौदूदी या भूमीत जन्मले हे जितके खरे, तितकेच त्यांना उत्तर देणारे मदनीही याच देशाचे होते, हेही खरे.