आपटलेला पॅक

जानेवारी १९७२, शिकागो, रात्रपाळी. एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर रूममध्ये तुम्ही उभे आहात आणि फरशीखालून सोडलेली गार हवा पँटच्या पायांतून वर चढतेय. समोर आयबीएम २३१४, डिस्क ड्राइव्हची रांग. नऊ ड्रॉवर, त्यांतले आठ कामाचे, नववा राखीव. याला पिझ्झा ओव्हन म्हणतात ते उगाच नाही.

ट्रॉलीवरून नुकताच आलेला डिस्क पॅक मात्र लगेच आत सारू नका. तो बाहेरच्या हिवाळ्यातून आलाय. थंडीने अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या आकसतात, ट्रॅक सरकतात. आधी त्याला इथल्या हवेत मुरू द्या. तोवर पॅकचा डबा बघा. झाकणाला कडेपाशी तडा गेलाय. आणणारा म्हणतो, "जरासा टेकला होता." टेकल्याने तडा जात नसतो.

पॅक तपासणीच्या स्टँडवर चढवा, झाकण उचला. १४ इंची ११ चकत्या, एकावर एक, तपकिरी. सगळ्या मिळून २९ मेगाबाइट, म्हणजे तुम्ही मागे ठेवून आलेल्या फोनमधले सात-आठ फोटो. इथे तेवढ्यात हजारो लोकांच्या पॉलिसी मावतात. बोट लावायचं नाही. टॉर्च तिरपा धरा, हाताने पॅक सावकाश फिरवा आणि दोन चकत्यांमधल्या फटीवर नजर ठेवा. वरून तिसरी आणि चौथी. फट सारखी, सारखी, आणि एका जागी किंचित अरुंद. पुन्हा फिरवा. त्याच जागी पुन्हा. डायल गेज लावलात तर काटाही तिथेच उडी मारतो.

डोळ्याला हे किरकोळ वाटतं. पण ड्राइव्हमध्ये हा पॅक मिनिटाला २४०० फेरे घेणार, कड ताशी १६० किलोमीटरने धावणार आणि वाचणारं हेड चकतीपासून जेमतेम दोन मायक्रॉनवर तरंगणार. माणसाचा केस साधारण या अंतराच्या तीसपट तरी जाड असतो.

"लावून तर बघ," सुपरवायझर म्हणतो. "एकावर नाही वाचला तर दुसऱ्यावर लाव." ड्राइव्हचा नंबर प्लगवर असतो, तो काढून शेजारी खोचला की झालं, म्हणून मोह जास्त. या खोलीतलं सगळ्यात महागडं वाक्य हेच. वाकडी चकती पहिल्या ड्राइव्हची हेडं खरवडते, मग दुसऱ्याची. नंतर त्या खरवडलेल्या हेडांखाली कुणीतरी चांगला पॅक लावतो आणि तोही जातो. मग तो पॅक तिसऱ्या ड्राइव्हवर. आपटला एकच पॅक, पण सकाळपर्यंत सगळी रांग बसलेली.

काटा स्थिर राहिला असता तरी मी हा पॅक लावू दिला नसता. चकतीवरच्या लेपाचा बारीक टवका टॉर्चला सापडेलच असं नाही. गेज फक्त नापास करतं, पास करण्याची त्याची ऐपत नाही.

पॅकवर लाल शाईने "वापरू नये" लिहा. टेपवरची कालची प्रत मागवा, दुसरा पॅक चढवा. टेप उतरायला वेळ लागेल. तोवर सुपरवायझर घड्याळाकडे बघत राहील, बघू दे.