क्रमांक सहा

बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीची कामगिरी म्हटली की आपण टाकलेले बॉम्ब मोजतो. भारतीय वायुदलाच्या सहाव्या स्क्वाड्रनला हे माप लागू पडत नाही.

डिसेंबर १९४२ मध्ये ही स्क्वाड्रन तिरुचिरापल्लीला उभी राहिली. प्रमुख होते मेहर सिंग. पुढच्याच वर्षी हरिकेन विमानं घेऊन ती आराकानच्या आघाडीवर गेली. काम टेहळणीचं: जपानी ठाण्यांवर जायचं, फोटो काढायचे, परत यायचं. 'चौदाव्या लष्कराचे डोळे' हे नाव तिला तिथेच मिळालं. मेहर सिंगांना डीएसओ मिळाला. त्या युद्धात हा मान मिळवणारे ते एकमेव भारतीय वैमानिक.

फाळणीत टेबल-खुर्च्यांबरोबर स्क्वाड्रनही वाटल्या गेल्या. तोवर डकोटा विमानांवर आलेली क्रमांक सहा पाकिस्तानच्या वाट्याला गेली. काश्मीरच्या युद्धात मेहर सिंग पूंछ आणि लेहला डकोटा उतरवत होते, आणि त्यांच्याच जुन्या क्रमांकाच्या डकोटा पलीकडच्या डोंगरखोऱ्यांत पाकिस्तानी फौजेसाठी रसद टाकत होत्या.

१ जानेवारी १९५१ ला भारताने पुण्यात क्रमांक सहा पुन्हा उभी केली. या वेळी विमानं चार इंजिनांची, जड बॉम्बफेकी लिबरेटर. महायुद्धात बंगालच्या तळांवरून निघून लिबरेटरनी ब्रह्मदेशातले पूल आणि रेल्वे फोडले होते. युद्ध संपल्यावर कानपूरला उरलेली विमानं कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडून ठेवली गेली. हिंदुस्तान एअरक्राफ्टने त्या भंगारातून ती पुन्हा उभी केली. जमशेद मुन्शी या वैमानिकाने तशीच डागडुजी केलेली एकेक विमानं कानपूरहून बंगळूरला उडवत नेली.

पुण्याच्या लिबरेटरचं मुख्य काम मात्र पुन्हा डोळ्यांचंच झालं. आमचं आरोंदा ज्या अरबी समुद्राच्या खाडीकाठी वसलंय, त्याच समुद्रावर त्यांनी १९६८ अखेर निवृत्त होईपर्यंत टेहळणी केली. जगातल्या संग्रहालयांत आज दिसणारी बरीच लिबरेटर भारतीय वायुदलातूनच गेलेली आहेत.

क्रमांक सहा आज दोन्ही देशांच्या वायुदलांत आहे. आराकानची पानं मात्र फाळणीआधीची. ती एकाच देशाची म्हणून वाचली, तर तिथे एकत्र उडालेली कितीतरी माणसं गळून पडतात. विमानं वाटता आली, क्रमांकही वाटता आला. ती पानं वाटता येत नाहीत.