यंत्र आपले, परवाना दुसऱ्याचा

धुळे शहरास मालमोटारीचा धंदा नवा नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते येथे एकमेकांस छेदतात. येथील गाडीमालकास एक गोष्ट शिकवावी लागत नाही : गाडी विकत घेतली म्हणजे रस्ता विकत घेतला, असे होत नाही. 1939 च्या मोटार कायद्यापासून मालगाडीस परमिट लागते, आणि ते कोणत्या मुलखापुरते आहे हे त्यावर लिहिलेले असते. शिरपूरपुढची सरहद्द ओलांडून मध्य प्रदेशात शिरावयाचे तर गाडी तीच, माल तोच, ड्रायव्हरही तोच. परमिट मात्र तेवढ्या पल्ल्याचे हवे.

आज ज्या विषयाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधावयाचे आहे, तो ऐकावयास नवा वाटेल. पण त्याचे मर्म या परमिटातच आहे. संगणकाचे सॉफ्टवेअर आपण 'विकत घेतले' असे म्हणतो. वस्तुतः आपण घेतो तो परवाना. तो कोठपर्यंत चालतो, हे बहुतेकांना सरहद्द ओलांडल्यावरच कळते.

हा परवाना आला कोठून? संगणकापूर्वी भोके पाडलेल्या कार्डांवर हिशेब करणारी यंत्रे होती. आयबीएम कंपनी ती विकत नसे, भाड्याने देई. आणि कार्डेही आमचीच वापरा, अशी अट घाली. 1936 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट बेकायदा ठरविली. पुढे संगणक आले. प्रारंभी त्यांचे प्रोग्रॅम यंत्राबरोबरच, निराळी किंमत न लावता मिळत. जून 1969 मध्ये याच कंपनीने दोहोंची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले, आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा झाला. आपल्याकडे 1984 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅमला साहित्यकृतीचे स्थान मिळाले. 2004 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकरास पात्र असा 'माल' आहे, असा निकाल दिला. म्हणजे कर भरताना तो माल, आणि वापरताना ती केवळ परवानगी!

एक यंत्र, एक प्रोग्रॅम अशी जोडी होती तोवर यंत्रे मोजली की काम भागे. परंतु 1972 साली आयबीएमने आणलेल्या एका व्यवस्थेने, एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत तशी एकाच यंत्रात अनेक आभासी यंत्रे नांदू लागली. 1999 पासून व्हीएमवेअर कंपनीने ही युक्ती साध्या संगणकांवर आणली. असे आभासी यंत्र म्हणजे अखेर काही फायलीच. त्या येथून उचलून तेथे ठेवता येतात. 2006 साली अमेझॉनने आपली यंत्रे तासाच्या भाड्याने देण्यास आरंभ केला आणि सबंध बिऱ्हाड परगावी हलविण्याची सोय झाली. यालाच आता क्लाउड म्हणतात. नाव ढगाचे असले, तरी तेही कोणाच्या तरी इमारतीतले लोखंडच होय.

बिऱ्हाड हलले, परवाना हलला नाही. मायक्रोसॉफ्टने 1 ऑक्टोबर 2019 पासून नियम बदलले. त्यानंतर नव्याने घेतलेला विंडोज सर्व्हरचा परवाना अमेझॉन वा गूगल यांच्या क्लाउडवर नेता येत नाही. तेथे भाड्यातून त्याचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या क्लाउडवर मात्र, देखभालीचे शुल्क चालू असेल तर, तो चालतो. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणे बंद केले. तेव्हापासून नवे घ्यावयाचे ते मुदतीचेच.

याचा खानदेशाशी काय संबंध, असे कोणी विचारील. जून 2022 मध्ये केंद्र सरकारने 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी 2,516 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचे सामायिक सॉफ्टवेअर क्लाउडवरचेच आहे. गावच्या सोसायटीची खतावणीसुद्धा या वाटेने निघाली आहे. तेथे करारास सरकार तरी उभे आहे. जळगाव-धुळ्याच्या नागरी बँका, पतपेढ्या, शिक्षणसंस्था व कारखाने यांना मात्र आपले करार आपणच करावे लागतात. परवान्याचे बिल थकविता येत नाही. थकविले तर काउंटर बंद पडतो. मग काटकसर होते ती पगारपत्रकात. माझ्यासारख्या कामगार चळवळीतील माणसास या विषयात पडावे लागते, ते यासाठी.

यंत्रास विरोध करा, असे मी म्हणत नाही. 1983 साली बँक कर्मचारी संघटनांनी बँकांच्या संघाशी करार केला, तेव्हा कोणती यंत्रे कोठे बसवावयाची हे त्यांनी लेखी ठरवून घेतले. तीच दृष्टी आज संस्थांच्या संचालकांनी बाळगावयास हवी. सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. मोजमाप यंत्राचे की माणसांचे? दुसऱ्याच्या क्लाउडवर हा परवाना चालतो काय? मुदत संपल्यावर भाव कोण ठरविणार? आणि सोडून जावयाचे झाल्यास आमच्या वह्या आम्हांस कोणत्या रूपात मिळणार? दुसराही एक मार्ग आहे. 1991 साली सुरू झालेल्या लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना प्रतीबरोबरच जातो; त्यास सरहद्द नाही. पण तो चालविण्यास जाणती माणसे लागतात. ती तयार करावी लागतील.

एकट्या ग्राहकाचे येथे चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे. युरोपातील क्लाउड-व्यावसायिकांच्या संघाने 2022 साली मायक्रोसॉफ्टविरुद्ध एकत्रित तक्रार केली, तेव्हा कुठे 2024 मध्ये तडजोड झाली. संघटित होऊन सौदा करणे हे सहकाराच्या आणि कामगारांच्या चळवळीस कोणी नव्याने शिकवावे असे नाही. जिल्ह्यातील संस्थांनी वेगवेगळ्या सह्या करण्याऐवजी एकत्र बसून एक करार वाचावा, एवढेच माझे मागणे आहे.